पावसाच्या वहीसाठी एक बोर्ड

पावसाळ्यात माझे वडील, आण्णा, रोज सकाळी साडेआठला अंगणात उतरतात. साडेआठच का, तर हवामान खातं चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला धरतं. १९८६ साली आजरा तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत पर्जन्यमापक आला. त्याच्याबरोबर आलेल्या कागदावर ही वेळ होती आणि आण्णा त्या शाळेत गुरुजी होते. वही तेव्हापासूनची. २००४ साली ते निवृत्त झाले, शाळेचं यंत्र शाळेत राहिलं, तसं त्यांनी पदरच्या पैशाने दुसरं आणलं. फायबरचं, वरच्या नरसाळ्याचं तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं. त्या मापाला २० मिलिलिटर पाणी साठलं की एक मिलिमीटर पाऊस झाला. आण्णा आतली बाटली काढतात, काचेच्या मापट्यात पाणी ओततात, मापटं डोळ्यांच्या पातळीला धरून आकडा दोनदा वाचतात आणि सोप्यात येऊन वहीत लिहितात. समासात नक्षत्र आणि त्याचं वाहन. कधी एखादा शब्द जास्तीचा असतो : ‘ओढा चढला’, ‘रोपलावण सुरू’, ‘घनसाळ पोटरीला’ (घनसाळ हा आमच्याकडचा भात).

२०२० च्या पुनर्वसूत, म्हणजे आमच्याकडे ज्याला तरणा पाऊस म्हणतात त्यात, ते अंगणातल्या शेवाळावरून घसरले. डावं मनगट मोडलं. गडहिंग्लजला नेऊन प्लास्टर घातलं आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला ते पुन्हा अंगणात. माझा पुतण्या मापटं धरायला बरोबर होता, एवढाच फरक. मी पुण्याहून फोनवर रागावलो. आण्णा शांतपणे म्हणाले, “अरे, खंड पडला तर वहीला काय अर्थ राहिला?”

त्यांना बाहेर न जाता आकडा मिळावा, म्हणून मी यंत्र करायचं ठरवलं. मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, दिवसभर मोजमापातच असतो, आणि इलेक्ट्रॉनिक्स ही शाळेपासूनची आवड. पाऊस मोजायची मूळ युक्ती जुनी आणि सुंदर आहे. नरसाळ्याखाली दोन खणांची एक छोटी वाटी पाळण्यासारखी आसावर तोललेली असते. एक खण भरला की वाटी कलते, पाणी सांडतं, दुसरा खण नरसाळ्याखाली येतो. कलताना वाटीवरचं लोहचुंबक एका रीड स्विचसमोरून, म्हणजे चुंबक जवळ आलं की जुळणाऱ्या स्विचसमोरून, जातं आणि क्षणभर संपर्क जुळतो. तो संपर्क मोजला की पाऊस मोजला. मी ओळखीच्या वर्कशॉपमधून अ‍ॅल्युमिनियमची वाटी करून घेतली आणि १० मिलिलिटरला कलेल अशी स्क्रूने बसवली. २०० चौरस सेंटिमीटरच्या तोंडाला १० मिलिलिटर म्हणजे अर्धा मिलिमीटर पाऊस.

उरला मोजणारा बोर्ड, म्हणजे एका सर्किटच्या पाटीवरचा छोटा संगणक. त्याचा मी तेव्हा विचारच केला नाही. घरात रास्पबेरी पाय ३ होता, तोच उचलला.

पायवर माझं प्रेम आहे आणि त्याला कारण आहे. २९ फेब्रुवारी २०१२ ला पहिला पाय विक्रीला आला, किंमत ३५ डॉलर. केंब्रिजमध्ये एबन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं होतं, की कॉम्प्युटर सायन्स शिकायला येणारी मुलं कमी होत चालली आहेत आणि जी येतात त्यांनी स्वतः यंत्रात हात घातलेला नसतो. १९८० च्या दशकात तिकडच्या घराघरांत, शाळांत बीबीसी मायक्रो होता. चालू केला की समोर थेट बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा, लिहा आणि चालवा. तसं काहीतरी आजच्या मुलांच्या हाती द्यावं म्हणून पाय जन्मला. त्याची ‘मॉडेल ए’, ‘मॉडेल बी’ ही नावंसुद्धा बीबीसी मायक्रोवरून घेतलेली. बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीतच पुढे एआरएम प्रोसेसरची रचना झाली आणि पायच्या पोटात त्याच घराण्याचा प्रोसेसर आहे. भारतातही १९८४ साली सुरू झालेल्या ‘क्लास’ या शाळांतल्या संगणक शिक्षणाच्या योजनेत काही शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले होते. आमच्या गावापर्यंत ते पोचले नाहीत. पर्जन्यमापक पोचला, आणि मला वाटतं एका मुलाला मोजण्याची गोडी लावायला तो पुरला.

तर पाय. जून २०२१ मध्ये मी तो सोप्याच्या भिंतीवर बसवला. रीड स्विचची वायर आत आणली, पायथन या भाषेत प्रोग्रामच्या तीस-चाळीस ओळी लिहिल्या आणि प्रत्येक कलंडण्याची नोंद तारीख-वेळेसकट मेमरी कार्डावर पडू लागली. घरातल्या राउटरवरून मला पुण्यात आलेख दिसायचा. दीड महिना मी कामाच्या मधल्या सुट्टीत गावचा पाऊस बघत होतो.

२१ जुलैला, बुधवारी संध्याकाळी, गावची लाईट गेली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुणालाही ते दिवस सांगायला नकोत. पाऊस थांबेना, रस्ते बंद, फोन लागला तर लागला. लाईट आली ती शुक्रवारी दुपारी. शनिवारी सकाळी फोन लागला, तेव्हा आण्णांनी आधी घरच्यांची खुशाली सांगितली, हिरण्यकेशीचं पाणी कुठवर आलंय ते सांगितलं आणि मग म्हणाले, “आज शनिवार. तुझं यंत्र गुरुवार म्हणतंय. बघ की जरा.”

झालं होतं ते असं. पाय ३ च्या बोर्डावर स्वतःचं घड्याळ नाही. वीज आली की तो इंटरनेटवरून वेळ विचारून घेतो. इंटरनेट नसेल तर शेवटी जपून ठेवलेली वेळ धरून पुढे चालू लागतो. गावातली केबल तुटली होती, राउटरला जोडणी नव्हती, म्हणून शुक्रवारी दुपारी जागा झालेल्या पायला वाटलं की अजून बुधवारची संध्याकाळच आहे, आणि शुक्रवारचा पाऊस त्याने बुधवार-गुरुवारच्या नावावर लिहिला. आणि मधले चाळीस-बेचाळीस तास, त्या वर्षातला सगळ्यात मोठा पाऊस, त्याच्याकडे नव्हताच. पुढच्या आठवड्यात लाईट आणखी दोनदा गेली आणि आली. दुसऱ्या वेळी पाय चालूच झाला नाही. लिहिता लिहिता वीज तुटल्यामुळे कार्डावरची फाइल सिस्टीम मोडली होती.

आण्णांच्या वहीत त्या तिन्ही दिवसांचे आकडे आहेत. छत्री, काठी आणि पुतण्याचा हात धरून ते बाहेर गेले होते. ज्या कारणासाठी यंत्र बसवलं, नेमकं त्याच कारणाच्या वेळी ते नव्हतं.

दोष पायचा नव्हता. टेबलावर राहणारं, नीट बंद केलं जाणारं, वीज आणि इंटरनेट गृहीत धरणारं ते एक पूर्ण संगणक आहे. आपण लॅपटॉपचा प्लग आठवड्यातून चारदा ओढून काढत नाही. मी त्याला पाऊस मोजायला नेलं, पण जिथे नेलं त्या घराचा विचार केला नाही. हे समजायला मला तो जुलै लागला. त्यानंतर बोर्ड निवडण्याकडे बघण्याची माझी पद्धत बदलली.

त्या पावसाळ्यानंतरचे सात-आठ महिने मी शनिवारी दुपारी बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत असायचो. ज्यांनी ती गल्ली पाहिलेली नाही त्यांना सांगायला हवं, की तिथे रेझिस्टरच्या पाकिटांपासून मोटर-पंपांच्या स्टार्टरपर्यंत सगळं हाताने उचलून बघता येतं आणि काउंटरमागच्या माणसाला तुमच्या अर्ध्या वाक्यात पुढचा सुटा भाग कळतो. ऑनलाइन यादीत प्रत्येक बोर्डाच्या पुढे गिगाहर्ट्‌झ आणि गिगाबाइट असतात. गल्लीत पहिला प्रश्न येतो, “कशाला लावायचंय?”

तेव्हा चिपांचा जगभर तुटवडा होता. पाय मिळत नव्हते आणि मिळाले तर दुप्पट भावाने. त्यामुळे त्याच्यासारखे दिसणारे, त्याच्याच चाळीस पिनांच्या मांडणीचे दुसरे बोर्ड लोक घेत होते. मीही एक आणला. कागदावर तो पायपेक्षा सरस होता, जास्त मेमरी, जास्त वेग, कमी पैसे. पण त्याच्या कंपनीने दिलेली लिनक्सची, म्हणजे त्यावरच्या ऑपरेटिंग सिस्टीमची, प्रत तीन वर्षांपूर्वीची होती, पुढे काही आलं नव्हतं, आणि एक साधी लायब्ररी, म्हणजे आयता लिहिलेला कोड, चालवायला मला दोन रविवार लागले. तेव्हापासून कोणताही छोटा संगणक घेण्याआधी मी त्याचा वेग बघत नाही, त्याच्यासाठीचं शेवटचं सॉफ्टवेअर कोणत्या तारखेचं आहे ते बघतो. २०१२ च्या पहिल्या पायवर आजही चालेल अशी ऑपरेटिंग सिस्टीम त्याच्या घरचे लोक अजून देतात. हौशी माणसाला याहून मोठी सोय नाही, कारण आपलं काम महिन्यातल्या एखाद्या मोकळ्या संध्याकाळी पुढे सरकतं, आणि सहा महिन्यांनी परत बसलो तर जमीन पायाखाली असायला हवी.

बीगलबोन ब्लॅकही डोळ्यांपुढे होता. २०१३ पासूनचा बोर्ड, त्याला अ‍ॅनालॉग पिना, म्हणजे कमीजास्त होणारं व्होल्टेज वाचणाऱ्या पिना आहेत, ज्या पायला मुळीच नाहीत, आणि वेळेच्या काटेकोर कामासाठी आत दोन वेगळे छोटे प्रोसेसर आहेत. मोटर, यंत्रं, सीएनसी असं काही करणाऱ्याने तो जरूर बघावा. पण वीज गेल्यावर काय, हा माझा प्रश्न तिथेही तसाच होता.

मग मी विजेचाच हिशोब मांडला. पाय घराण्यातला सगळ्यात कमी खाणारा झिरो घेतला तरी तो नुसता बसून अर्ध्या वॉटच्या आसपास घेतो. दिवसाला १२ वॉट-तास. लॅपटॉपच्या बॅटरीत असतो तसला एक चांगला १८६५० सेल साधारण साडेनऊ वॉट-तासांचा. म्हणजे एका सेलवर एक दिवससुद्धा नाही. सोलर पॅनल लावा, असं तीन जणांनी सुचवलं. आजऱ्याच्या बाजूला जुलैत कुणी राहिलं असेल तर त्याला ठाऊक आहे, की तिथे आठ-आठ, दहा-दहा दिवस सूर्याचं तोंड दिसत नाही. जेव्हा मोजायचं असतं तेव्हाच पॅनल उपाशी.

कागदावर हा हिशोब केला आणि मला एक गोष्ट स्वच्छ दिसली. पाऊस मोजणारं यंत्र बहुतेक वेळ काहीच करत नाही. धो धो पावसात, तासाला ६० मिलिमीटरच्या वेगाने पडत असला, तरी वाटी तासात १२० वेळा कलते, म्हणजे अर्ध्या मिनिटाला एकदा. कलण्याची नोंद करायला एका मिलिसेकंदाहून कमी वेळ पुरतो. उरलेला सगळा काळ वाट बघणं. तेव्हा मला हवा होता चांगलं झोपणारा बोर्ड, आणि हाक मारली की त्याच क्षणी उठणारा. संगणक किती वेगाने धावतो याचे तक्ते सगळीकडे असतात. तो झोपतो कसा, हे डेटाशीटच्या, म्हणजे चिपच्या तपशीलपत्रकाच्या, आत शोधावं लागतं.

ईएसपी३२ मी जवळजवळ पक्का केला होता. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ही चिप २०१६ पासून बाजारात आहे. वाय-फाय आणि ब्लूटूथ आतच, दोन कोअर, ५२० केबी मेमरी, आणि त्यावरचा आयता बोर्ड गल्लीत चारशे-साडेचारशे रुपयांत मिळायचा. गाढ झोपेत चिप दहा मायक्रोअँपिअरपर्यंत उतरते. पण हा आकडा नुसत्या चिपचा आहे. आयत्या बोर्डावर एक लाल दिवा सतत जळतो, व्होल्टेज खाली आणणारा रेग्युलेटर स्वतः काही मिलिअँपिअर खातो, यूएसबीची चिप वेगळी. मल्टिमीटर लावून मोजलं तर दहा मायक्रोअँपिअरच्या जागी कित्येक मिलिअँपिअर, म्हणजे शेकडो पट. दिवा काढता येतो, रेग्युलेटर बदलता येतो. आणखी एक खाच आहे. वाय-फाय चालू असताना या चिपच्या अर्ध्याअधिक अ‍ॅनालॉग पिना वाचता येत नाहीत. हे ठाऊक नसल्यामुळे मातीची ओल मोजणारा माझा एक मित्र आठवडाभर सेन्सरला दोष देत बसला होता.

तरीही ईएसपी३२ हा उत्तम बोर्ड आहे आणि ज्याच्या जागी वाय-फाय भरवशाचं आहे त्याला मी आजही तोच सांगतो. माझ्यापुढचा प्रश्न वेगळा होता. पावसाच्या ऐन दिवसांत घरात वाय-फाय नसणार, हे जुलैने शिकवलं होतं. आणि आण्णा स्मार्टफोन वापरत नाहीत. त्यांना आकडा डोळ्यांसमोर, सोप्यात, त्यांच्या खुर्चीच्या उंचीवर हवा होता. ते एकदा फोनवर म्हणाले, “तुला पुण्यात दिसतंय ते ठीक, पण मला इथं दिसायला नको होय?” मी सबंध एक पावसाळा यंत्र माझ्यासाठी केलं होतं. राहणार ते त्यांच्या घरात होतं.

शेवटी जी चिप निवडली ती माझ्या ड्रॉवरमध्ये आठ वर्षं पडून होती. एटीमेगा ३२८पी. आर्डुइनो उनोवर जी बसवलेली असते तीच, दोन बाजूंना चौदा-चौदा पिना असलेली. आर्डुइनो २००५ मध्ये इटलीतल्या इव्रिया गावात, डिझाइन शिकणाऱ्या मुलांसाठी सुरू झाला. त्यामुळे त्याच्या प्रत्येक गोष्टीवर नवख्या माणसासाठी लिहिलेलं भरपूर मिळतं. चिपची ताकद आजच्या मानाने अगदी लहान. आठ बिटांची, २ केबी रॅम, ३२ केबी प्रोग्रामला. पाय ३ ची मेमरी एक जीबी, म्हणजे हिच्या पाच लाख पटींहून जास्त.

पण जागा किती लागते ते मोजू. वाटीच्या एका कलण्याला अर्धा मिलिमीटर. तासाभरात किती वेळा कलली हा आकडा एका बाइटमध्ये ठेवायचा. बाइटमध्ये जास्तीत जास्त २५५ मावतात, म्हणजे तासाला एकशे साडेसत्तावीस मिलिमीटर. हवामान खातं तासाला १०० मिलिमीटरला ढगफुटी म्हणतं. तेव्हा ढगफुटी झाली तरी एक बाइट पुरतो. जून ते सप्टेंबर १२२ दिवस, २,९२८ तास, २,९२८ बाइट. घड्याळासाठी मी डीएस३२३१ चिपचं जे छोटं मॉड्यूल घेतलं, त्यावर ४ केबीची एक वेगळी मेमरी आयतीच असते. ४,०९६ बाइट. आमच्या गावचा सगळा पावसाळा, तासातासाचा, त्या तांदळाच्या चार दाण्यांएवढ्या मेमरीत बसतो आणि वर जागा उरते. त्या रात्री हा हिशोब वहीवर जुळला तेव्हा मला जो आनंद झाला, तो कुठलाही नवा बोर्ड विकत आणून झालेला नाही.

घड्याळाच्या मॉड्यूलबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती धोक्याची आहे. त्यावर बटण सेल चार्ज करणारं सर्किट असतं. आपल्याकडे सर्रास मिळणारा सीआर२०३२ सेल चार्ज करायचा नसतो. तो फुगतो. त्या सर्किटमधला एक रेझिस्टर सोल्डरिंग गनने काढून टाकला की काम झालं. डीएस३२३१ स्वतः मात्र फार विश्वासू घड्याळ आहे. तापमान मोजून स्वतःची चाल सुधारतं आणि वर्षाला मिनिटभराच्या आतबाहेर राहतं. लाईट जावो, राउटर जावो, शनिवारचा गुरुवार होणार नाही.

आयता बोर्ड मी घेतलाच नाही. झिरो पीसीबीवर, म्हणजे नुसती भोकं असलेल्या कोऱ्या पाटीवर, आयसी बेस (चिप दाबून बसवायची खोबण) सोल्डर केला आणि त्यात चिप बसवली. चिपला ठोके द्यायला बाहेरचा क्रिस्टल नाही, चिपच्या आतलंच आठ मेगाहर्ट्‌झचं ऑसिलेटर. रेग्युलेटर नाही, दिवा नाही. तीन पेन्सिल सेल थेट. साडेचार व्होल्ट या चिपलाही चालतात आणि घड्याळालाही. सोळा बाय दोनचा डिस्प्ले, तो एरवी पूर्ण बंद. एक मोठं पिवळं बटण. दाबलं की वर आजचा पाऊस आणि खाली कालचा. दाबून धरलं की मागचे तास एकेक करत पुढे येतात. अक्षरं लहान पडतात असं आण्णा म्हणाले, म्हणून दुसऱ्या फेरीत मोठे आकडे केले. रीड स्विच जुळताना थरथरतो, एका कलण्याचे तीन-चार मोजले जातात, तेव्हा एकदा मोजलं की पुढचा पाव सेकंद कान बंद ठेवायचे. वाटीचा हलका टक्‌ आवाज येतो, चिप उठते, एक मिळवते, झोपते. सगळं मिळून मोजलं तर पाव मिलिअँपिअरच्या खाली. चार महिन्यांना सातशे मिलिअँपिअर-तास. चांगले अल्कलाइन पेन्सिल सेल दोन हजारांच्या पुढे देतात.

चिप बेसमध्ये बसवण्याला आणखी एक कारण होतं आणि माझ्या मनात तेच सगळ्यात वजनाचं होतं. वळवाच्या विजांत ती जळली, तर मी पुण्याहून यायला आठवडा लागणार. म्हणून प्रोग्राम भरलेली दुसरी चिप मी डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवली आहे. पुतण्याला शिकवलंय : सेल काढायचे, पट्टीने जुनी चिप हळू उचलायची, खाच डाव्या हाताला ठेवून नवी दाबायची. जगातल्या कुठल्याही छोट्या संगणकाची तुलना करताना हा रकाना मला कुठल्या तक्त्यात सापडला नव्हता, की आजऱ्याच्या पुढे सहा मैलांवर एक बारा वर्षांचा मुलगा ते दुरुस्त करू शकेल का.

जून २०२२ मध्ये, मृग लागायच्या आदल्या दिवशी यंत्र बसलं. आण्णांनी वहीत नवा रकाना आखला आणि वर लिहिलं : ‘यंत्र’. पहिल्या वर्षी ते दोन्ही मोजायचे आणि फरक लाल शाईने लिहायचे. साध्या पावसाला अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे. शंभराच्या पुढच्या दिवशी यंत्र सात-आठ मिलिमीटर कमी दाखवायचं. हे होतंच, वाटी कलत असताना वरून येणारं पाणी भरलेल्या खणातच पडून सांडतं, आणि पाऊस जितका जोराचा तितकं जास्त सांडतं. मी आण्णांच्या लाल आकड्यांवरून सुधारणेचा तक्ता केला आणि तो प्रोग्राममध्ये घातला. चाळीस वर्षांची नजर असलेला माणूस कॅलिब्रेशनला, म्हणजे यंत्राचं माप पडताळून जुळवायला, मिळणं हे कारखान्यातही नशिबात नसतं.

ऑगस्टमध्ये नरसाळ्यात आंब्याचं पान अडकलं आणि दोन दिवस यंत्राने कमी सांगितलं. एकदा मुंग्यांनी वाटीखाली घर केलं. दोन्ही वेळा आण्णांनीच ओळखलं. म्हणजे अंगणात जाणं काही थांबलं नाही. पण आता आमचं ठरलंय. जोराचा पाऊस असेल त्या सकाळी यंत्राचा आकडा वहीत चढवायचा आणि उघडीप मिळाली की मग जाऊन मापट्याने पडताळायचा. यंत्रापर्यंत भावाने खडबडीत फरशी टाकली आहे. ते फरशीचं काम कुठल्याही बोर्डापेक्षा आधी करायला हवं होतं, हे मी भावाला बोलूनही दाखवलं.

पाय ३ पुण्यात परत आला आणि त्याला त्याच्या तोलाचं काम मिळालं. १९८६ पासूनच्या वह्यांचे फोटो काढून माझी मुलगी एकेक आकडा भरते आहे, आणि पाय ते साठवतो, वर्षांची तुलना मांडतो, घरातल्या कुठल्याही पडद्यावर दाखवतो. इथे वीज आहे, नेट आहे, इन्व्हर्टर आहे. नऊ-दहा वर्षांचा जुना बोर्ड त्याला पुरून उरतो. पाय ५ सुंदर आहे, त्याला घड्याळही आतच आहे, फक्त बटण सेल जोडायचा. पण त्याला भरवशाचा पाच व्होल्ट पाच अँपिअरचा चार्जर आणि पंखा असं सगळं कुटुंब लागतं, आणि या कामाला ते नको आहे. मुलीला स्वतःसाठी काही करायचंय, तिला मी पायच्याच घरचा छोटा पिको दिलाय. २०२१ मध्ये चार डॉलरला आलेला बोर्ड, यूएसबीला लावला की फाइल कॉपी करावी तसा प्रोग्राम आत जातो. आपल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेच्या वेगा मालिकेतला तेजस३२ प्रोसेसर असलेला एरीज बोर्डही मी हाताळून बघणार आहे. मराठी मुलांसाठी त्यावर कुणी धडे लिहिले तर मी पहिला वाचक असेन.

ऑफिसातली तरुण मुलं विचारतात, कुठला बोर्ड घेऊ? मी त्यांना आधी विचारतो, की तो राहणार कुठे आणि तिथे तुझ्यामागे त्याच्याकडे बघणार कोण. पडदा, कॅमेरा, वेबसाइट, चित्रं ओळखणं असं काही असेल तर लिनक्सवाला बोर्ड हवा, आणि मग पाय, कारण अडलं तर उत्तर मिळतं. एकच गोष्ट मोजायची, एकच चालू-बंद करायची असेल तर लिनक्स हे ओझं आहे. सेन्सर पाच व्होल्टचा आणि बोर्ड तीन पॉइंट तीनचा असेल तर मधे दोन रेझिस्टर घाल, नाहीतर पिन जाईल. आणि चार्जरवर पैसे वाचवू नकोस. बोर्ड वेडेवाकडे वागतात त्यातली निम्मी दुखणी माझ्या अनुभवात पातळ केबल आणि हलक्या चार्जरची निघाली आहेत.

गेल्या पुष्य नक्षत्रात, म्हाताऱ्या पावसात, आण्णांचा सकाळी नऊला फोन आला. साडेआठचा आकडा ते एरवी फोनवर सांगत नाहीत, तो वहीचा असतो. त्या दिवशी म्हणाले, “रात्री कधी पडला ते बघत होतो बटण दाबून. तीन ते चारमध्ये साडेसत्तावीस. त्याच्या आधी आणि नंतर किरकोळ. परवाही तसंच, पहाटेच. मी मागचे दहा दिवस लिहून काढले, त्यातले सहा दिवस पहाटेचाच जास्त.”

मी म्हटलं, “मापट्यात हे कळलं नसतं.”

“न्हाई. मला चाळीस वर्षं सकाळचा एकच आकडा ठाऊक. तुझी आई म्हणायची की, पावसाचं खरं काम पहाटे चालतं म्हणून. ती उठलेली असायची तेव्हा, चुलीपाशी. मी म्हणायचो, तुला तसं वाटतं.” थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. पन्हाळीचं पाणी पडत असल्याचा आवाज फोनमधून येत होता. मग म्हणाले, “वहीत आणखी एक रकाना काढलाय. पहाटेचा.”